झाडबदली १६ मे : माती की बिनमाती, आज रात्री ठरवा

प्रेषक: संयोजक, झाडबदली
विषय: झाडबदली १६ मे : माती की बिनमाती

मंडळी,
आपल्या न्यू जर्सीतल्या झाडबदलीचा (आपसात झाडं-बिया देण्याघेण्याच्या दिवसाचा) फ्लायर उद्या सकाळी जायचा आहे आणि त्यातली चौथी ओळ अजून रिकामी आहे. एक तर "झाडं कुंडीसकट आणावीत", नाहीतर "मुळं धुऊन, मातीशिवाय आणावीत". मागच्या वर्षी गवती चहाच्या कुंडीतून काय निघालं ते सगळ्यांना आठवतंय, त्यामुळे ती चर्चा नको. उत्तर फक्त "माती" किंवा "बिनमाती". वडापावची मोजदाद वेगळ्या मेलमध्ये चालू आहे, ती इथे आणू नका.

---

प्रेषक: एडिसनकर काका
विषय: रि: झाडबदली १६ मे : माती की बिनमाती

बिनमाती.

ज्यांनी ती कुंडी पाहिली नाही त्यांच्यासाठी: ते साधं गांडूळ नव्हतं, जंपिंग वर्म होतं. साध्या गांडुळाच्या अंगावरचा पट्टा फुगीर आणि खोगिरासारखा वरून बसलेला असतो. याचा पट्टा पांढरट, सपाट आणि अंगाभोवती पूर्ण फिरलेला. हात लावला की सापासारखं वळवळतं, कधीकधी शेपूट टाकून देतं. हे ज्या वाफ्यात शिरतं तिथली वरची माती दोनेक इंचांपर्यंत कॉफीच्या चोथ्यासारखी रवाळ होते. पाणी धरत नाही, मुळांना पकड राहत नाही.

मोठी गांडुळं थंडीत मरतात, पण कोष जमिनीत तसेच राहतात. आकार मोहरीएवढा, रंग मातीचा. चाळूनही दिसायचे नाहीत. एप्रिलमध्ये जमीन पन्नास फॅरनहाइटच्या आसपास गेली की फुटायला लागतात, म्हणजे १६ मेला कुंडीत दोऱ्याएवढी पिल्लं असणार आणि कुंडी वरून झकास दिसणार. नर लागत नाही, एक कोष पुरतो.

---

प्रेषक: ब्रिजवॉटरकर
विषय: रि: रि: झाडबदली १६ मे : माती की बिनमाती

काका, मोहरीचं पाणी टाकून कुंडी तपासता येते ना? एक गॅलन पाण्यात पाव-एक कप मोहरीची पूड. पाच मिनिटांत सगळी वर येतात. मग धुवायची भानगड कशाला?

---

प्रेषक: एडिसनकर काका

पाव नाही, एक तृतीयांश कप, आणि पिवळ्या मोहरीची पूड. फोडणीतली काळी मोहरी मिक्सरमधून काढून चालेल की नाही यावर इथे वाद नको. मुद्दा असा की मोहरीनं मोठी गांडुळं वर येतात, कोष हलत नाहीत. ऑगस्ट-सप्टेंबरात स्वतःचा वाफा तपासायला ही युक्ती उत्तम. मे महिन्यात ती "काही निघालं नाही" एवढंच सांगते आणि आपण निर्धास्त होतो.

---

प्रेषक: पार्सिपनीकर वहिनी
विषय: रि: रि: रि: माती की बिनमाती

मी कुंडीसकटच्या बाजूने, निदान दोन झाडांपुरती. अळू, हळद, पुदिना, गवती चहा यांची मुळं खुशाल धुवा, त्यांना काही होत नाही. कढीपत्त्याचं तसं नाही. त्याचं सोटमूळ खाली जातं आणि पाणी ओढणारी केसासारखी मुळं मातीच्या गोळ्याला धरून असतात. नळाखाली धरलं की तीच तुटतात. आठवड्यात पानं पिवळी, दुसऱ्या आठवड्यात नुसती काडी. पहिल्यांदा आलेला माणूस ती काडी घेऊन घरी जातो आणि पुढच्या वर्षी येत नाही. मोगराही तसाच रुसतो.

तेव्हा ओळ लिहायची तर "कढीपत्ता व मोगरा वगळून" असं लिहा.

---

प्रेषक: प्रिन्स्टनकर ताई

वहिनी, तुमचं कढीपत्त्याबद्दल बरोबर आहे, पण वगळलं तर नियमच उरत नाही. मागच्या वर्षी निम्म्या कुंड्या याच दोघांच्या होत्या.

मोगऱ्याला मुळांची गरजच नाही, छाट आणा. यंदाची पण हिरवी कोवळीक गेलेली फांदी, चार-पाच इंच, दोन डोळे मातीत जातील एवढी. खालची पानं काढायची, वरची दोन अर्धी कापायची. ओल्या पेपर टॉवेलमध्ये गुंडाळून झिपच्या पिशवीत. घरी नेऊन निम्मं परलाइट, निम्मं पीट यात लावायची, वर पिशवीचं झाकण, थेट ऊन नको. चार ते सहा आठवडे धीर धरा. मध्ये उपटून बघू नका, हेच सगळ्यात जास्त जणांचं चुकतं.

पुदिना आणि पानओवा नुसत्या काड्या. पुदिना तर पेल्यातल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत मुळं सोडतो. हळद आणि आलं यांचं बेणं आणा, कुंडी नकोच. हळदीला आठ-नऊ महिने लागतात आणि आपल्याकडे उघड्यावर पाचच मिळतात, म्हणून ज्यांनी फेब्रुवारीत घरात डोळे फोडून घेतलेत त्यांच्याकडचं घ्या.

राहिला कढीपत्ता.

---

प्रेषक: ब्रिजवॉटरकर

कढीपत्त्याचा प्रश्नच मिटला. चुलतभाऊ ह्यूस्टनहून गाडीनं येतोय, त्याच्या मागच्या अंगणात जंगल झालंय. सहा रोपं घेऊन येईल, दीड-दोन फुटी. त्याच्या अंगणात ते गांडूळ नाही म्हणतो. नावं द्या, पहिल्या सहांना.

---

प्रेषक: संयोजक

कृपया नावं देऊ नका, थांबा.

---

प्रेषक: प्रिन्स्टनकर ताई
विषय: ह्यूस्टनचा कढीपत्ता आणू नका

टेक्सासचं अख्खं राज्य सिट्रस सिलिड या लिंबावरच्या किडीच्या क्वारंटाइनमध्ये आहे. फ्लोरिडा, जॉर्जिया, लुइझियानाही आहेत, कॅलिफोर्नियाचे काही भाग आहेत. तिथून कढीपत्त्याचं रोप असं गाडीत घालून बाहेर काढता येत नाही. लिंबाच्या कुळातलं झाड आहे ते, आणि ही कीड त्याच्यावर लिंबाइतकीच खुशीत वाढते.

कीड म्हणजे तीन-चार मिलिमीटरचं करडं तुडतुड्यासारखं, डोकं पानाला टेकवून मागची बाजू तिरकी वर करून बसतं. तिच्या अंगातून ग्रीनिंग या लिंबू-संत्र्याच्या रोगाचा जीवाणू एका झाडातून दुसऱ्यात जातो. फ्लोरिडात कीड १९९८ मध्ये सापडली आणि रोग २००५ मध्ये. २००३-०४ च्या हंगामात तिथे संत्र्याच्या २४ कोटींहून जास्त पेट्या निघाल्या होत्या, २०२३-२४ मध्ये जेमतेम १ कोटी ८० लाख. वादळांनीही मारलं, पण मुळात झाडं पोखरली ती या रोगानं. उपाय अजून नाही.

---

प्रेषक: ब्रिजवॉटरकर

पण जर्सीत कुठे संत्र्याच्या बागा आहेत? आणि पानं साबणाच्या पाण्यानं धुऊन आणली तर?

---

प्रेषक: प्रिन्स्टनकर ताई

अंडी कोवळ्या शेंड्यातल्या न उलगडलेल्या पानांच्या घडीत असतात. तिथे साबण पोचत नाही. सगळे शेंडे खुडले तरी नियम बदलत नाही, कारण नियम झाड कुठून निघालं यावर आहे, किती धुतलं यावर नाही. आणि जर्सीत बागा नसल्या तरी आपल्यापैकी निम्म्यांकडे कुंडीत लिंबू आहे. शिवाय झाडं आपल्याकडे थांबत नाहीत. यंदा इथे घेतलेलं रोप पुढच्या वर्षी कुणाच्या तरी मुलीबरोबर कॅलिफोर्नियाला जातं.

भावाला म्हणावं, ये, पण हात हलवत ये.

---

प्रेषक: पार्सिपनीकर वहिनी
विषय: कढीपत्त्याची पिल्लं

इथलीच पिल्लं वाटू या. सहा-सात वर्षांच्या झाडाला बुडाशी हमखास फुटतात. नुसतं ओढून काढलं तर मुळाशिवाय येतं आणि मरतं. पद्धत अशी: पिल्लू आणि आई यांच्या मधोमध धारदार खुरपं किंवा जुनी सुरी सरळ खाली घालायची, जोडणारं मूळ कापायचं, आणि पिल्लू तिथेच ठेवायचं. तीन-चार आठवड्यांत स्वतःची मुळं धरतं. नवीन पान फुटलं की समजायचं जमलं. मग काढून सहा इंची कुंडीत, पिशवीतल्या नव्या पोटिंग मिक्समध्ये. वरची निम्मी पानं कापून टाकायची, कितीही जिवावर आलं तरी.

आज कापलं तर १६ मेला ती तयार नसणार. म्हणून कढीपत्ता या वेळी नाहीच, जूनच्या अखेरीला वेगळा. ज्यांच्याकडे पिल्लं आहेत त्यांनी या शनिवारी कापून घ्या.

बी मागू नका. कढीपत्त्याचं बी वाळलं की गेलं. काळं पिकलेलं फळ, गर काढून, त्याच आठवड्यात पेरलं तर उगवतं. पाकिटात घालून ठेवायची ती वस्तू नाही.

---

प्रेषक: एडिसनकर काका

वहिनींनी ताकाचा उल्लेख केला नाही याची नोंद घेतली आहे.

---

प्रेषक: पार्सिपनीकर वहिनी

काका, ताक अंगणातल्या झाडाला. घरातल्या कुंडीला घातलं की चिलटं होतात, हे मी तीन वर्षं लिहितेय. आणि हिवाळ्यात पानं पिवळी पडतात ती ताकावाचून नव्हे, गार पडलेल्या कुंडीत रोज पाणी घातल्यानं. रात्रीचं तापमान पन्नासखाली जायच्या आत कुंडी घरात, आणि मग बोटभर माती कोरडी झाल्याशिवाय पाणी नाही.

---

प्रेषक: बियांचं टेबल
विषय: पाकिटांवर नीट लिहा (मातीशी संबंध नाही)

तुमचं चालू द्या, पण माझ्या टेबलाचंही बघा. आतापर्यंत आलेल्या पाकिटांपैकी चारांवर नुसतं "दुधी" लिहिलंय. दुधी कसा फळला ते लिहा: हातानं परागण केलं की वाऱ्यावर सोडला.

कारण सांगते. इथे लोक पक्ष्यांच्या घरट्यांसाठी बर्डहाउस गोर्ड लावतात. तो आणि आपला दुधी एकच जात, लॅजेनेरिया सिसेरारिया. फुलं संध्याकाळी उमलतात, पतंग रात्रभर इकडून तिकडे. यंदाचं फळ गोडच लागतं, कारण गर आईचा असतो. घोटाळा बियांत असतो आणि तो पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या ताटात निघतो. आपल्याकडे तंबोऱ्याला कडू भोपळा लागतो, भाजीला नव्हे. कडू दुधी शिजवूनही खाऊ नये, रस तर मुळीच नको. देठाकडची चकती जिभेला लावायची, कडू लागली तर थुंकून अख्खा दुधी कचऱ्यात.

काकडीशेजारी किंवा लाल भोपळ्याशेजारी लावला म्हणून दुधी कडू झाला हे मात्र खरं नाही, त्यांचा आपसात संकर होत नाही.

बी धरायचं असेल तर: दुपारी उद्या-परवाची नव्हे, त्याच संध्याकाळी उमलणारी मादी कळी (मागे बोटाएवढा दुधी असतो ती) आणि दोन नर कळ्या कापडी पिशवीत बांधा. उमलल्यावर नर फूल खुडून पाकळ्या काढा, मादीच्या तोंडावर फिरवा, परत पिशवी, देठाला लाल दोरा. दुसऱ्या संध्याकाळी पिशवी काढा. जुलै संपायच्या आत करा, नाहीतर हिमाआधी कवच वाळत नाही. दोडका आणि घोसाळं शेजारी असतील तर तिथेही हेच, त्यांचाही संकर होतो. दोडका संध्याकाळी उमलतो, घोसाळं पहाटे, पण मधमाशी वेळापत्रक पाळत नाही.

---

प्रेषक: नवीन सभासद, वुडब्रिज

नमस्कार. विषय सोडून विचारतो. गावाकडचे वाल दोन वर्षं लावतोय, मांडव भरतो, फूल सप्टेंबरच्या मध्यावर, शेंग भरेपर्यंत हिम. खत कमी पडतंय का? आणि आई जूनमध्ये येतेय, तिच्याबरोबर ताजं बी मागवू का?

---

प्रेषक: बियांचं टेबल

खताचा दोष नाही, दिवसाचा आहे. जुने वाल दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाहीत. पुण्यात सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, आपल्याकडे पंधरा तासांच्या वर. इथे बारा-साडेबारा तासांवर यायला सप्टेंबर उजाडतो. नत्र वाढवलंत तर पानंच वाढतील.

बंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेचे अर्का जय आणि अर्का विजय हे झुडपी वाण दिवसाच्या लांबीवर अवलंबून नाहीत, ते लावा. शेंगा भाजीच्या, बिरड्याला कडवे वाल हवेत तर ती चव नाही, हे आधीच सांगते. गावचंच बी हवं असेल तर एक वेल मोठ्या कुंडीत ठेवा आणि ऑगस्टमध्ये तीन आठवडे रोज संध्याकाळी सहा ते सकाळी आठ काळं जाड कापड किंवा खोका. एक दिवसही चुकवायचा नाही.

बी आईच्या बॅगेतून असंच नको. यूएसडीएचा, म्हणजे अमेरिकेच्या कृषी खात्याचा, स्मॉल लॉट्स ऑफ सीड (थोडं बी आणण्याचा) परवाना काढा, फुकट मिळतो. एका खेपेत जास्तीत जास्त ५० पाकिटं, एका पाकिटात एकाच जातीच्या ५० बिया किंवा १० ग्रॅम. पाकिटावर शास्त्रीय नाव, पाठवणाऱ्याचं नाव, देश. माती नको, औषध चोळलेलं बी नको. परवान्याबरोबर हिरवी-पिवळी लेबलं येतात, ती लावून पार्सल तपासणी केंद्राकडे जातं. आपलं केंद्र इथेच लिंडनला आहे. काही जाती या परवान्यावर चालत नाहीत, तेव्हा यादी आधी बघा.

---

प्रेषक: संयोजक
विषय: चौथी ओळ

फ्लायरची ओळ: "झाडं मातीशिवाय : मुळं धुऊन, छाट किंवा बेणं. कढीपत्ता जूनअखेर." रिकाम्या कुंड्या कुणी आणल्या तर काठाखाली आणि बुडाशी लँटर्नफ्लाय या किडीच्या अंड्यांचा चिखलासारखा लेप बघून आणा.

आता एकच. कुणीतरी न धुता आणणारच. तिथे धुवायचं तर पाणी कुठे ओतायचं? गवतावर ओतलं तर सगळं मुसळ केरात.

---

प्रेषक: एडिसनकर काका

तीन बादल्या. पहिलीत मातीचा गोळा बुडवून हलवायचा, दुसरीत खळखळून धुवायचं. ते पाणी तिसऱ्या बादलीच्या तोंडावर जुना पंचा बांधून त्यातून गाळायचं. कोष दोन ते चार मिलिमीटरचे, पंच्यात अडकतात. चहाच्या गाळणीतूनही जात नाहीत, पण गाळणी दोन मिनिटांत चिखलानं बुजते. पंच्यात राहील त्यावर उकळतं पाणी, मग पिशवीत आणि कचऱ्यात. उन्हात काळ्या पिशवीत ठेवून कोष मरतात, पण आतपर्यंत १०४ फॅरनहाइट तीन दिवस लागतात. मेमध्ये त्याचा भरवसा नाही.

धुतलेली मुळं ओल्या वर्तमानपत्रात. अळूचं मधलं एक पान ठेवून बाकीची देठापासून कापा. आणि वडीचं की भाजीचं ते चिठ्ठीवर लिहा, काळा देठ-हिरवा देठ. दुकानात एलिफंट इअर म्हणून शोभेचे कंद मिळतात ते कुणी आणू नयेत, त्यातल्या बऱ्याच जातींची खाज आमसुलानंही जात नाही.

---

प्रेषक: ब्रिजवॉटरकर

पाणी उकळायला चहाची किटली चालेल? ती माझ्याकडेच आहे.

---

प्रेषक: पार्सिपनीकर वहिनी

चहाची नाही.

---

प्रेषक: संयोजक

बादल्या दोन माझ्याकडे, तिसरी हवी. पंचा काका. वेगळी किटली कोण आणतंय?