‘दिवा मालवला’ म्हणजे आशा संपली, असे उत्तर बरोबर धरावे का?

प्रश्न :
मुलाची वाट पाहणाऱ्या बापाविषयी मी स्वतः लिहिलेला एक उतारा नववीच्या वर्गाला आकलनासाठी दिला होता. त्याचे शेवटचे वाक्य असे : ‘म्हाताऱ्याने ओट्यावरचा दिवा मालवला, पण दाराला कडी लावली नाही.’ बहुतेकांनी ‘दिवा हे आशेचे प्रतीक आहे, म्हणून बापाची आशा संपली’ असे लिहिले. हे उत्तर मला खटकते. परंतु ते कुठे चुकते, हे मुलांना कसे दाखवावे?

पहिला प्रतिसाद :
मुलांनी ‘पण’च्या पुढचे वाचलेच नाही, ही खरी अडचण आहे. त्यांना क्रियापद बदलून वाक्य मोठ्याने वाचायला सांगा. ‘विझवला’ म्हटले की कृती कोरडी होते आणि ‘फुंकून टाकला’ म्हटले की त्रागा जाणवतो. ‘मालवला’ या शब्दात मात्र रोजच्या सवयीचा हलका हात आहे. आता कडीकडे या. दिवसाचे काम आटोपले, तरी दार मुलासाठी उघडेच राहिले.

दुसरा प्रतिसाद :
अकराव्या शतकातील संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मट याने ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात व्यंजना, म्हणजे थेट न सांगता अर्थ सुचवण्याची शब्दांची शक्ती, समजावताना ‘सूर्य मावळला’ एवढेच वाक्य घेतले आहे. तेच शब्द एकाला ‘गुरे आवरा’ असे सुचवतात, दुसऱ्याला ‘काम थांबवा’ असे, तर वाट पाहणारीला प्रियकर येण्याची वेळ झाल्याचे. कोण, कोणाला आणि कोणत्या प्रसंगी बोलतो यावर सूचित अर्थ ठरत असल्यामुळे ‘दिवा म्हणजे आशा’ असे समीकरण पाठ करून चालत नाही, आणि मार्गदर्शक पुस्तकांतील प्रतीकांच्या याद्यांनी याच बाबतीत मुलांचे फार नुकसान केले आहे, असे माझे ठाम मत आहे.

तिसरा प्रतिसाद :
तरीही मुलांचे उत्तर निराधार मानू नये. ‘प्राणज्योत मालवली’ असे आपण म्हणतो, त्यामुळे या शब्दामागे मृत्यूची छाया असतेच. मुलांना ती जाणवली असेल, तर तसे शब्दाचा आधार देऊन लिहायला शिकवावे.

प्रश्नकर्ती :
आज क्रियापदे बदलून पाहिली. एका मुलीने लिहिले, ‘बाप झोपायला गेला आहे, त्याचे कान मात्र दाराशी आहेत.’ तिच्या उत्तरात ‘प्रतीक’ हा शब्द कुठेही नव्हता. मी तिला पूर्ण गुण दिले.