धुळ्यात देवपूरला भाड्याने फ्लॅट घेताना काय बघावं?

कृष्णाकाठची:
बँकेतून धुळ्याला बदली झालीय. आम्ही सांगलीचे. सोबत सासूबाई आणि पाचवीतला मुलगा. शाखा आग्रा रोडला. देवपुरात पांझरेच्या बाजूला टू बीएचके बघून आलेय. तिसरा मजला, वर थेट गच्ची, पश्चिमेच्या गॅलरीतून नदी दिसते. भाडं साडेआठ हजार, डिपॉझिट पन्नास. मालक म्हणतात नोटरी करून टाकू, रजिस्टरच्या भानगडीत कशाला पडायचं. मला धास्ती नदीची. 2019 ला आम्ही काय भोगलं ते सांगलीकरांना सांगायला नको. इथं कसं असतं?

देवपूरची काकू:
या खुशाल. पांझरा काही कृष्णा नाही, उन्हाळ्यात तिच्यात पाणी शोधावं लागतं. वरून अक्कलपाडा धरणाचं पाणी सोडलं की मात्र अंगात आल्यासारखी करते. तुमच्याकडे पूर होता त्याच ऑगस्टमध्ये इथंही मोठा पूर आला होता. तिसऱ्या मजल्याला त्याचं काही नाही, पण तुम्हाला रोज नदी ओलांडून शाखेत जायचंय. बुटके पूल बंद झाले की सगळं गाव मोठ्या पुलावर.

नदीचं सोडा, नळाचं विचारा. इथं नळ रोज येत नाही. शहराला पाणी तापीवरून आणि नकाणे तलावातून. तापीची लाइन कुठे फुटली की पाळी आणखी लांबते. मालक म्हणेल ‘पाण्याची काही चिंता नाही’. सगळेच म्हणतात. तुम्ही खालच्या मजल्यावरच्या बाईला विचारा, कितव्या दिवशी येतं आणि किती वाजता सुटतं. व्हॉल्वमन मध्यरात्री पाणी सोडतो असेही भाग आहेत, मग मोटर लावायला कोण उठणार? वरची टाकी सामाईक की तुमची वेगळी, मोटर कोणाच्या मीटरवर, हेही. आणि हौदाचं झाकण उचलून आत मोबाइलचा टॉर्च मारा, लाजू नका. भिंतीवर ओलीची रेघ दिसते. हौद दहा हजार लिटरचा आणि रेघ गुडघ्याएवढी, तर समजून जायचं, हौद पुरता भरतच नाही.

शिरपूरवाला:
भाऊ म्हनू का ताई, वरला मजला लेऊ नका, उन्हायामा भाजी निंघशात! मस्करी नाही, उन्हाळ्यात खरंच भाजून निघाल. मे महिन्यात पारा 43 च्या वर जातो. वर उघडा स्लॅब आणि गॅलरी पश्चिमेला, म्हणजे रात्री अकरालाही भिंतीला हात लावा, गरम. कूलर लागेलच, आणि कूलरला पाणी लागेल. काकूंचा मुद्दा परत तिथंच.

कोर्टाजवळचा:
नोटरीवर राहू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55: करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात. हे त्यांना गोडीत ऐकवा. 11 महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स घरबसल्या ऑनलाइन होतो, आधार आणि अंगठा पुरतो.

कृष्णाकाठची:
काल परत गेले. मालक रजिस्टरला तयार झाले, खर्च निम्मा-निम्मा. खालच्या वहिनी म्हणाल्या पाणी आठव्या दिवशी, तेही रात्री साडेअकराला. हौदाची रेघ मात्र छातीएवढी आहे, सासूबाईंनीच वाकून बघितली. त्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर पूर्वेचा फ्लॅट रिकामा होतोय. पाचशे जास्त, नदी दिसत नाही. तोच घेतेय.

देवपूरची काकू:
घ्या. आधीच्या भाडेकरूचं लाइट बिल थकलेलं नाही ना, ते बघून मगच टोकन द्या. आणि गच्चीची चावी कोणाकडे असते ते आत्ताच विचारून ठेवा, मार्चमध्ये पापड-कुरडया वाळवायच्या वेळी भांडणं नकोत.