स्नोमोबाइलवर हात गारठतात, उजवा अंगठा तर पार बधिर होतो

मंडळी, मदत हवीये. उणे 15-20 अंशांमध्ये स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावरची गाडी, चालवतो, बाकी अंग छान ऊबदार असतं पण अर्ध्या तासात बोटं गारठतात आणि उजवा अंगठा, जो सतत थ्रॉटलच्या, म्हणजे वेग वाढवायच्या, खटक्यावर दाबलेला असतो, तो पार बधिर. ग्रिप हीटर, म्हणजे हँडलच्या मुठी तापवणारा, फुल्लवर, तळवे गरम पण बोटांची वरची बाजू नुसती बर्फ. आत सुती मोजे, वर जाड ग्लव्ह्ज, इतके जाड की मूठ नीट वळत नाही. परवा थांबून ग्लव्ह्ज काढले तर दोन बोटांची टोकं पांढरीफटक, चिमटा काढला तरी कळेना, घाबरलोच. अजून जाड ग्लव्ह्ज घेऊ का बॅटरीवाले?

प्रतिसाद 1
जाड अजिबात नको. हीटरची ऊब तळव्याकडून येते, तिथेच जाड थर घातलात तर ती आत येणार कशी, आणि घट्ट ग्लव्ह्जमध्ये रक्तही नीट फिरत नाही. खरा शत्रू वारा आहे हो, उणे 20 ला ताशी 40 किमी वारा लागला की उघड्या कातडीला उणे 34 सारखं झोंबतं. हँडलबारवर मफ लावा, म्हणजे ती मोठी पिशवी ज्यात ग्रिपसकट हात जातो, वारा अडतो आणि हीटरची ऊब आतच कोंडते. मग पातळ तळव्याचे ग्लव्ह्ज पुरतात. अंगठ्यासाठी थ्रॉटलमध्ये वेगळा हीटर असतो, बऱ्याच गाड्यांना त्याचं बटणही वेगळं असतं, ते चालू आहे ना बघा.

प्रतिसाद 2
सुती मोजे आजच बाद करा, घाम शोषून ओलेच राहतात. मेरिनो लोकरीचे पातळ घाला. मनगटाची फट बंद करा, वारा तिथूनच शिरतो. आणि छाती-पोट गार पडलं की शरीर आधी हातापायांचं रक्त आखडतं, त्यामुळे जॅकेट चांगलं हवंच. गरम पुड्या वापरत असाल तर त्यात लोखंडाची पूड असते, हवा लागल्याशिवाय तापत नाही, म्हणून ग्लव्ह्जमध्ये कोंबण्याआधी थोडा वेळ उघड्यावर ठेवा.

प्रतिसाद 3
बाकी सगळं नंतर, ती पांढरी बोटं हलक्यात घेऊ नका, ती हिमदंशाची, म्हणजे कातडी गोठण्याची, सुरुवात असते. चोळायचं नाही, बर्फ तर मुळीच लावायचा नाही, शेकोटीवरही धरू नका, बधिर कातडीला चटका कळत नाही. वाटेत असाल तर हात उघडे काखेत धरा. आत आल्यावर 37 ते 39 अंशांच्या पाण्यात बुडवा, पण परत गारठणार असतील तर तसं वितळवू नका, नुकसान जास्त होतं. संवेदना परत आली नाही किंवा फोड आले तर सरळ डॉक्टर गाठा. बोटं आता कशी आहेत?

मूळ प्रश्नकर्ता
टोकांना अजून मुंग्या येतायत, उद्या दाखवून येतो. अंगठ्याचं बटण सापडलं, बंदच होतं इतके दिवस! मफ मागवतोय, तोवर गाडी काढत नाही.