कौशांबीचा कोट आणि घोषिताराम

आजच्या प्रयागराजजवळच्या कौशांबी या प्राचीन नगराच्या कोटाचे वर्णन त्रिपिटकात, म्हणजे बौद्धांच्या पाली धर्मग्रंथांत, आहे असे म्हटले जाते, ते थोडे दुरुस्त करावेसे वाटते. तिथे तटबंदीचे नव्हे, तर त्या नगरातील घोषिताराम या बौद्ध विहाराचे आणि तिथल्या भिक्षूंच्या भांडणाचे वर्णन आहे. शौचकूपातील भांड्यात उरलेल्या पाण्यावरून हा वाद पेटला, असे अट्ठकथा (त्रिपिटकावरील जुनी पाली टीका) सांगते. तो मिटेना म्हणून बुद्ध पारिलेय्यकाच्या वनात निघून गेले. (लोटाभर पाण्यासाठी संघ फुटायची वेळ यावी, हे वाचताना हसूच येते.) कोटाचा दुवा जुळतो तो उत्खननामुळे. १९४९ पासून पुरातत्त्वज्ञ गो. रा. शर्मा यांनी केलेल्या उत्खननात, सुमारे सहा किलोमीटर घेराच्या तटाच्या आत, 'घोषिताराम' हे नाव कोरलेली शिला एका विहारात मिळाली आणि स्थान निश्चित झाले. तटाचा काळ मात्र शर्मांनी फार मागे नेला, जो अनेक अभ्यासकांना मान्य नाही. तेव्हा तो आधार धरून बुद्धकाळाबद्दल बोलताना सावध राहावे. आम्हा नाशिककरांना याचे विशेष अगत्य, कारण त्रिपिटकातल्याच सुत्तनिपात या ग्रंथातील बावरी नावाच्या ब्राह्मण आचार्याचे सोळा शिष्य बुद्धांच्या भेटीसाठी गोदावरीकाठाहूनच निघाले आणि प्रतिष्ठान, माहिष्मती, उज्जयिनी, विदिशा करत याच कौशांबीवरून पुढे गेले.