आशाच्या फेऱ्या बंद करा म्हणता, मग थंड पडलेलं बाळ ओळखणार कोण?

धारणीची सून:
काल इथं एका भाऊंनी लिहिलं, आशाताईंच्या बाळंतिणीकडच्या फेऱ्या म्हणजे नुसती वही भरणं, त्या बंद करून पैसा एसएनसीयूला, म्हणजे दवाखान्यातल्या आजारी नवजात बाळांच्या कक्षाला द्या. डोकंच फिरलं माझं. माझं लेकरू दिवस भरायच्या आधी झालं. घरी आणल्यावर दूध ओढेना. आजेसासू म्हणे, निजलंय, निजू द्या. आशाताईंनी आधी पोटाला हात लावला, मग तळपायाला. दोन्ही थंड. झबलं काढून बाळ माझ्या उघड्या छातीशी लावलं, टोपी घातली, वरून लुगडं गुंडाळलं अन् गाडी बोलावली. दवाखान्यापर्यंत तसंच नेलं. गडचिरोलीत डॉक्टर बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेनं १९९० च्या दशकात ३९ गावांत गावच्याच बायांना हे शिकवलं, नवजातांचे मृत्यू निम्म्याहून जास्त घटले. ही वहीच का?

साकोलीकर:
ते मीच लिहिलं. तुमचं नशीब चांगलं. आमच्या घरी सहाही फेऱ्यांच्या सह्या एकाच दिवशी घेतल्या. वजनकाटा पिशवीतून बाहेरसुद्धा निघाला नाही.

आशा, आर्णी तालुका:
एकदम सह्या घेणारीची बाजू मी घेणार नाही. पण भाऊ, तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा दिवस. दरवेळी वजन, ताप, पूर्ण मिनिटभर श्वास मोजायचा. साठ किंवा वर गेला की पाठवायचं. एवढ्याचे एका बाळामागं २५० रुपये, तेही महिनोन्महिने अडकतात. काटा बिघडला तर नवा मागून मागून थकतो आम्ही.

भंडाऱ्याचा:
एसएनसीयूला पैसा? ९ जानेवारी २०२१ विसरले का? जिल्हा रुग्णालयाच्या त्याच कक्षात आग लागून १० बाळं गेली.

साकोलीकर:
भंडारा मले नका शिकवू! मी त्याच जिल्ह्यातला. म्हणूनच पैसा मागतो. वायरिंग तपासायला पैसा लागत नाही का?

भंडाऱ्याचा:
यंत्रं येतात, फीत कापली जाते, फोटो निघतात. रात्री दोन वाजता आत कोण बसतं ते सांगा. एका नर्सकडे किती बाळं? धूर निघाला तर दार कोण उघडणार, बाळं कुठून काढणार, याचा सराव कधी झाला?

साकोलीकर:
ओरडू नका. नर्सचा पगारही पैशातूनच निघतो.

भंडाऱ्याचा:
मंजूर पदं रिकामी आहेत, पैसा मंजूर असूनही! कंत्राटी पोरी दोन-दोन पाळ्या करतात. आधी ती पदं भरा.

धारणीची सून:
तुम्ही दोघंही दवाखान्याच्या दारातच अडकले. आमच्या पाड्यावरून तिथवर पोचेपर्यंत बाळ गरम ठेवायचं कोणी?

साकोलीकर:
बरं बाई, फेऱ्या राहू द्या. पण बाळाचं वजन आईसमोर करा, आकडा तिच्याच हाती लिहून द्या. एवढं तरी मान्य आहे का?

आशा, आर्णी तालुका:
मान्य. चालता काटा द्या, उद्यापासून देते.