मावशी, तू आज किती माणसं मारलीस?

भाच्याच्या या प्रश्नावर घरात सगळे हसले, मीही हसले. मी व्हिडिओ गेममधली मारामारी रचते. वार बसला की दोन्ही पात्रांना चार-सहा फ्रेम, म्हणजे जेमतेम क्षणभर, जागच्या जागी थिजवायचं, त्याला आम्ही हिट-स्टॉप म्हणतो. तेवढ्यानेच तलवार जड वाटते. माझ्या लेखी तो मार नसतो, आकडा असतो. पण हे भाच्याला सांगताना जीभ अडखळली. खेळणाऱ्याचं काय होतं यावर वाद पुष्कळ झालेत. दिवसभर हेच घडवणाऱ्यांचं काय होतं ते ऐकायचंय. खेळणाऱ्यांनीही लिहा, आईवडिलांनीही. कंपन्यांची नावं नकोत.

थ्रीडी आर्टिस्ट, 9 वर्षं
कातडीचं टेक्श्चर बरं जमायचं, म्हणून जखमा माझ्या वाट्याला आल्या. रेफरन्सचं फोल्डर उघडलं तर आत अपघातांचे, शस्त्रक्रियांचे खरे फोटो. पहिल्या दिवशी जेवण गेलं नाही. महिन्याभरात तेच फोटो समोर ठेवून डबा खायला लागलो, आणि भीती वाटली ती याची. लिफ्टमध्ये शेजारी कोणी उभा राहिला की याचा जबडा कुठून उघडेल, हे डोक्यात यायचं. (हे बायकोलाही सांगितलेलं नाही.) झोप गेली. लीडशी, म्हणजे टीमच्या प्रमुखाशी, बोलायला सहा महिने लावले, कारण माझ्या खुर्चीवर डोळा ठेवून असलेले कमी नव्हते. तो एवढंच म्हणाला, "अरे, आधी बोलायचंस की." आता फोटो कृष्णधवल करून ठेवतो, असली कामं पाळीपाळीने घेतो, आणि नवीन येणाऱ्याला नाही म्हणता येतं हे पहिल्याच दिवशी सांगतो. खेळणाऱ्याला तो जबडा अर्धा सेकंद दिसतो. मी तीन आठवडे पाहिला.

साउंड
हाड मोडल्याचा आवाज म्हणजे सेलरीचे देठ. मांसाचा म्हणजे ओला टॉवेल. इतकंच. घरी भाजी निवडताना मात्र कान टवकारतात.

टेस्टर
एकाच पात्राचं मरण एका दिवसात शंभरावर वेळा पाहिलं, कारण मेल्यावर त्याचा पाय दारात अडकून थरथरत राहायचा. रॅगडॉलचा, म्हणजे मेलेलं शरीर बाहुलीसारखं लुळं पाडणाऱ्या यंत्रणेचा, बग. त्याचं मला काही वाटलं नाही. लागला तो क्रंच, म्हणजे गेम संपवायच्या घाईतलं जादा तासांचं काम: अकरा आठवडे, रविवार धरून. त्या दिवसांत आईवर ज्या आवाजात ओरडलो तो कुठल्या गेमने शिकवला नव्हता. गेम बाजारात आला, आठवड्याने आमची कंत्राटं संपली. श्रेयनामावलीत नाव नाही, ते वेगळंच.

रेटिंगची कागदपत्रं बघणारी
'मॉर्टल कॉम्बॅट' या रक्तबंबाळ मारामारीच्या गेमवरून 1993 मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये सुनावणी झाली आणि 1994 मध्ये ईएसआरबी, म्हणजे गेमना वयाप्रमाणे रेटिंग देणारं मंडळ, आलं, तेव्हापासून आमच्यासारख्यांना काम आहे. प्रश्नावली भरायची, सोबत गेममधल्या सगळ्यात भयंकर प्रसंगांचा व्हिडिओ. कथा वगळून नुसते हेच तुकडे जोडले की आपल्याच गेमची किळस येते. रंगाचीही गंमत आहे. 1997 मध्ये ब्रिटनमध्ये गाडीखाली पादचारी चिरडायच्या 'कार्मागेडन'ला आधी परवानगी नाकारली, मग पादचाऱ्यांचे झोम्बी करून रक्त हिरवं केलं तेव्हा तो विकता आला. गाडी तीच, चिरडणं तेच! पुढे अपिलात मूळ रूपही सुटलं.

एका चौदा वर्षांच्या मुलाची आई
ऑक्सफर्डच्या संशोधकांचा 2019 चा अभ्यास वाचला. 14-15 वर्षांची 1004 ब्रिटिश मुलं आणि त्यांचे पालक. हिंसक गेम आणि मुलांचं आक्रमक वागणं यांत संबंध आढळला नाही. वाचून हायसं वाटलं, पण माझा प्रश्न निराळाच. गोळीबाराच्या गेममध्ये आमचे चिरंजीव शांत. कंट्रोलर भिंतीवर आपटला तो फुटबॉलच्या गेममध्ये, शेवटच्या मिनिटाला गोल खाल्ल्यावर. आता त्याच्यावर कुठलं लेबल लावू?

सोडून गेलेला
मुलं खुनी होतील असं मला कधी वाटलं नाही, त्यामुळे तो वाद माझा नाही. मी बंदुका बनवायचो. कंपन्या खऱ्या बंदुकांची नावं वापरायला बंदूक बनवणाऱ्यांकडून परवाने घेत. मॅगझिनवरचा, म्हणजे बंदुकीत बसणाऱ्या गोळ्यांच्या डबीवरचा, ओरखडासुद्धा हुबेहूब हवा. एकदा एका चाहत्याने लिहिलं की तुमच्यामुळे अमुक मॉडेल आवडलं, आता खरं घेणार. लीडने ते पत्र कौतुकाने सगळ्यांना पाठवलं. मला त्या दिवशी कळलं की मी जाहिरात करतोय, तीही विनामोबदला. वर्षभरात बाहेर पडलो. हल्ली कोड्यांचे गेम करतो, पगार कमी आहे. मॅगझिन बसतानाचा तो 'खट्' मात्र अजून आवडतो, काय करणार.