सन स्टुडिओचा एको खोलीचा नव्हे, टेपचा
गायक एल्विस प्रेस्लीच्या मेम्फिसमधल्या 1954च्या रेकॉर्डिंगमधला एको सन स्टुडिओच्या खोलीमुळे आला, असं म्हटलं जातं. तो टेपचा आहे. स्टुडिओचे मालक सॅम फिलिप्स आवाज दुसऱ्या अ‍ॅम्पेक्स टेप रेकॉर्डरवर नोंदवत आणि त्याच्या प्लेबॅक हेडवरून (टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागावरून) लगेच मूळ आवाजात मिसळत. नोंदवणाऱ्या आणि वाचणाऱ्या हेडमधलं अंतर 2 इंच आणि टेपचा वेग सेकंदाला 15 इंच धरला, तर उशीर 133 मिलिसेकंद. ड्रम नसतानाही साथीदार बिल ब्लॅकच्या बासची थाप इतकी भरीव लागते ती यामुळेही! पडसाद मात्र एकच हवा. परतलेला आवाज पुन्हा त्याच यंत्रात गेला की पडसादांची रांग लागते, शब्द बुडतात. जानेवारी 1956 मध्ये आरसीए या रेकॉर्ड कंपनीने एल्विसच्या रेकॉर्डिंगसाठी नॅशव्हिलला कॉरिडॉरचा एको वापरला, तो लांब नि पोकळ घुमतो.